तख्तेश्वरच्या टेकडीवर, १९२८

बोलायचं नाही. मुलाच्या हातातली वस्तू सरळ करून द्यायची नाही. शाबासकीसुद्धा द्यायची नाही. भिंतीला टेकून बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि दिसेल ते लिहायचं. साल १९२८. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात तुमचं आजचं शिकणं एवढंच आहे.

तुम्ही व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले मास्तर. पाठाचं टाचण काढण्यात हात बसलेला, हर्बार्टच्या पाठाच्या पायऱ्या तोंडपाठ, पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करायची ख्याती. विरमगामला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या डब्यात चढलात तेव्हा वाटलं होतं, आणखी एक पद्धत शिकू, आणखी एक दाखला घेऊन जाऊ. इथे येताच ती नजरच काढून घेतली.

समोर साडेतीन वर्षांची एक मुलगी दट्ट्यांची लाकडी पेटी घेऊन बसली आहे. दहा खळगे, दहा दट्टे. तिनं एक बारीक दट्टा मोठ्या खळग्यात टाकला. तुम्हाला दिसलं. तुमचा हात उठला आणि वहीवर परत आला. ती पुढं लावत गेली. शेवटी एक जाडा दट्टा हातात उरला आणि रिकामा खळगा अरुंद. तिनं दट्टा फिरवून पाहिला, दाबला, तुमच्याकडे एकदा पाहिलं. तुम्ही वहीत डोकं घातलं. मग तिनं सगळे दट्टे उपसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चूक दाखवण्याचं काम पेटीनंच केलं. तुमच्या आजवरच्या पगाराचा मोठा भाग ज्या कामासाठी मिळाला, ते एका सुतारानं आधीच करून ठेवलं आहे. हे पचायला वेळ लागतो.

थोड्या वेळानं खिडक्या लोटल्या जातात. शांतीचा खेळ. मुलं डोळे मिटतात. बाहेर कावळा, दूर कुठेतरी बैलगाडी, एवढंच ऐकू येतं. पलीकडच्या खोलीतून कुजबुजत्या आवाजात एक नाव येतं. त्या नावाचं मूल उठतं आणि पावलं न वाजवता निघून जातं. मग दुसरं. तुमच्या वर्गातही शांतता असायची, पण तिथे पोरं तुमच्याकडे डोळे लावून बसायची. इथे त्यांना तुमची गरजच नाही.

दाराशी भरघोस मिशांचे एक गृहस्थ उभे आहेत. गिजुभाई बधेका. वढवाणला वकिली करत. मुलगा झाला, त्याला कसं शिकवायचं या काळजीत असताना माँटेसरीबाईंचं लेखन हाती पडलं आणि वकिलीतलं मन उडालं. लोक त्यांना ‘मुछाळी मा’ म्हणतात, मिशाळ आई.

या संस्थेची रचना नीट समजून घ्या, कारण ती उलटी वाढली आहे. १९१०मध्ये नानाभाई भट्टांनी आधी काढलं ते मोठ्या मुलांचं छात्रालय. पुढे त्यांनी सामळदास कॉलेजातली प्राध्यापकीही सोडली. मग विनयमंदिर, म्हणजे हायस्कूल. तिथे हरभाई त्रिवेदी मोठ्या मुलांबरोबर प्रयोग करतात. गिजुभाई १९१६मध्ये आले आणि त्याच विनयमंदिरात शिकवू लागले. तिथे त्यांना कळलं की मुलं हायस्कुलात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून १९२०मध्ये अडीच-तीन वर्षांच्या मुलांचं बालमंदिर. आणि बालमंदिर चालवायचं तर तशी माणसं कुठून आणायची, म्हणून १९२५मध्ये अध्यापन मंदिर. सरकारी ट्रेनिंग कॉलेजात आधी मास्तर घडवतात आणि सरावापुरती शेजारी शाळा ठेवतात. इथे मुलं आधी आली, तुम्ही शेवटी. तुमची जागा भिंतीशी का, याचं उत्तर यातच आहे.

इथल्या मराठी बाई म्हणजे ताराबाई मोडक. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. म्हणजे तुमच्यासारखे शिक्षक घडवणं हाच त्यांचा हुद्दा. तो सोडून १९२३मध्ये लहानग्या लेकीला घेऊन त्या इथे आल्या आणि नव्यानं शिकू लागल्या. आता गिजुभाईंच्या बरोबरीनं लिहितात, शिकवतात. त्यांच्याशी मराठीत बोलायला मिळेल या आशेवर तुम्ही आलात, हे कबूल करा.

एक शंका मात्र गिळू नका. ही मुलं बहुतेक खात्यापित्या घरची आहेत, आणि साधनांना पैसा लागतो. माँटेसरीबाईंनी १९०७मध्ये रोमच्या सान लोरेन्झोत सुरुवात केली ती मजुरांच्या मुलांपासून. काठियावाडातली गुरं राखणारी पोरं या टेकडीवर कशी चढणार? हे तुम्ही पुढच्या काळात वाचत आहात म्हणून सांगता येतं: याचं उत्तर ताराबाईच शोधणार आहेत. १९४५मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीनं. शाळेत मुलं येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेतील, गुराख्यांसाठी कुरणात भरवतील, आणि बिया, शिंपले, खडे ही साधनं होतील. इथे मात्र ते कुणाच्या ध्यानीमनी नाही.

संध्याकाळी वह्या तपासल्या जातात. तुम्ही लिहिलंय: ‘मुलगी चिकाटीची आहे.’ खाली रेघ. हे मत झालं, पाहिलंत काय? तुम्ही खोडता आणि लिहिता: ‘शेवटचा दट्टा बसेना. सगळे काढले. पुन्हा लावले. दोनदा.’ एवढं मात्र चालतं.

उद्या पाळी गोष्ट सांगण्याची. इथे गिजुभाई खुद्द माँटेसरीबाईंपासून फारकत घेतात. परीकथा, बोलणारे प्राणी लहान मुलांसाठी बाईंना नकोत. गिजुभाईंनी मात्र काठियावाडच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेले राजे, कावळे, चिमण्या थेट बालमंदिरात आणून बसवले आणि गोष्ट कशी सांगावी यावर ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथही लिहिला. माझ्या मते त्यांचा सगळ्यात धाडसी निर्णय हाच. गुरूची साधनं घेणारे पुष्कळ भेटतात, तिचा शब्द असा बाजूला ठेवणारे थोडे.

रात्री तुम्ही गुजरातीत गोष्ट घोकत बसता. सोबतचा जुना विद्यार्थी शेवटापर्यंत ऐकतो आणि हात वर करतो. मुंगी, टोळ, पाऊस, सगळं ठीक आहे म्हणतो. पण ‘म्हणून मुलांनो’ला तुम्ही तोंड उघडलंत, तिथून पुढचं सगळं गाळा.