दुचाकीस्वाराचे विमान



रस्त्यावर धावणारे आणि मनात येताच आकाशात झेपावणारे वाहन ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुष्पक विमानाच्या कथा ऐकतच आपण मोठे झालो. मात्र आज मी पुराणातील नव्हे, कारखान्यातील विमानाविषयी बोलणार आहे. या विमानाच्या इतिहासाचा धागा मोटारसायकलीपासून निघतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट या गावी ग्लेन कर्टिस याचे सायकलींचे दुकान होते. सायकलीला इंजिन जोडता जोडता तो मोटारसायकली बनवू लागला. हलके आणि तरीही जोरकस इंजिन ही दुचाकीची गरज, आणि नेमकी तीच आकाशयानाचीही. म्हणून 1904 साली टॉमस बाल्डविनच्या हवाई जहाजाने कर्टिसचे मोटारसायकलचेच इंजिन वापरले. 1907 च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या ऑर्मंड किनाऱ्यावर आठ सिलिंडरांचे इंजिन बसविलेली दुचाकी कर्टिसने ताशी सुमारे 219 किलोमीटर वेगाने पळविली. तिचा सांगाडा वाकला, आणि हा विक्रम अधिकृत ठरला नाही. 4 जुलै 1908 रोजी याच माणसाने ‘जून बग’ या विमानातून एक किलोमीटरहून अधिक अंतर उडून पारितोषिक मिळविले. 1917 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याने ‘ऑटोप्लेन’ मांडले : ॲल्युमिनियमची मोटार, तिच्यावर तीन मजली पंख आणि मागे चार पात्यांचा प्रोपेलर. ते जमिनीवरून थोड्या उड्या घेण्यापलीकडे गेले नाही. त्याच एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि कारखाना लष्करी विमानांच्या कामाला लागला.

कर्टिसची अडचण केवळ युद्धाची नव्हती. रस्ता आणि आकाश यांच्या मागण्याच परस्परविरोधी आहेत. रस्त्यावरच्या वाहनाला खड्डे सोसणारी बळकट चौकट हवी. विमानाला प्रत्येक किलो जड होतो. मोटारीचा भार चारही चाकांवर वाटलेला असतो आणि म्हणूनच ती वळणावर स्थिर राहते. विमानाला मात्र जमीन सोडताना नाक वर उचलावे लागते, आणि ते सहज उचलले जावे यासाठी मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या किंचित मागे ठेवावी लागतात. शिवाय पंख लांब असले तर उचल चांगली मिळते, पण रस्त्याची रुंदी ठरलेली! म्हणजे पंखांचे करायचे काय, हा सगळ्या प्रश्नांचा मूळ प्रश्न होऊन बसतो.

त्याला निर्धाराने भिडलेला माणूस म्हणजे रॉबर्ट एडिसन फुल्टन. हार्वर्डमध्ये शिकून व्हिएन्नात वास्तुशास्त्राचा अभ्यास केलेला हा तरुण 1932 साली लंडनमध्ये एका मेजवानीत बोलता बोलता म्हणून गेला की, मी मोटारसायकलवरून जगप्रदक्षिणा करीत घरी जाणार आहे. मेजवानीला आलेल्यांत डग्लस मोटारसायकलींच्या कारखान्याचे मालक होते. त्यांनी तत्काळ दुचाकी देऊ केली, आणि मग शब्द फिरविणे अवघड झाले! फुल्टन युरोप, तुर्कस्तान, सीरिया, इराक असा हिंदुस्थानात आला आणि पुढे आग्नेय आशिया व चीनमार्गे जपानला पोहोचला. ही यात्रा सुमारे दीड वर्ष चालली. सामानात चित्रपटाची हजारो फूट फीतही होती. 1937 साली त्याने या प्रवासावर पुस्तक लिहिले. इतक्या देशांचे रस्ते एकट्याने तुडविलेला माणूस पुढे रस्त्याचे विमान बनवितो, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्याने विमानातील तोफचींना शिकविण्याचे यंत्र तयार केले. ते दाखविण्यासाठी त्याला स्वतःच्या विमानाने गावोगाव जावे लागे. विमान वेगाने पोहोचवी, पण धावपट्टी गावाबाहेर आणि पुढे वाहन नाही. सांबऱ्याला उतरून बेळगावात येण्यासाठी रिक्षा शोधणाऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. त्यातून ‘एअरफिबियन’ जन्मले. नोव्हेंबर 1946 मध्ये ते प्रथम उडाले. उतरल्यावर प्रोपेलर काढून बाजूला टांगायचा, पंख आणि शेपटीचा मागचा सारा भाग सोडवून विमानतळावरच ठेवायचा आणि दोन आसनांची छोटी मोटार घेऊन गावात जायचे. हे काम एकट्या माणसाला सुमारे पाच मिनिटांत उरकता येई. एखादा भाग नीट जोडला गेला नसेल तर इंजिनच सुरू होऊ नये, अशीही योजना त्यात होती. आकाशात ताशी सुमारे 190 किलोमीटर, रस्त्यावर जवळपास 90. डिसेंबर 1950 मध्ये अमेरिकेच्या नागरी विमानोड्डाण प्रशासनाने त्याला प्रमाणपत्र दिले. अशा दुहेरी वाहनाला मिळालेले ते पहिलेच. चार्ल्स लिंडबर्गनेही ते चालवून पाहिले.

एवढे होऊनही ते बाजारात आले नाही. भांडवल पुरविणाऱ्यांच्या हाती कंपनी गेली आणि काम थांबले. माझ्या मते पैशाइतकाच दोष पंख मागे ठेवण्याच्या योजनेचाही होता. ज्या गावी पंख ठेवले त्याच गावी परत येणे भाग पडते आणि हवामान बिघडल्यास पुढचा प्रवास रस्त्याने करून तिथून उडता येत नाही. मोल्टन टेलरने हे ताडले. 1949 साली त्याने ‘एरोकार’ची बांधणी केली. त्यात घडी केलेले पंख गाडीमागे ओढून नेता येत. 1956 मध्ये तिलाही प्रमाणपत्र मिळाले, पण एकूण सहाच्या आसपासच गाड्या तयार झाल्या.

फुल्टन खचला नाही. त्याने पुढे ‘स्कायहुक’ रचले. जमिनीवरचा माणूस फुग्याला बांधलेल्या दोरीने उडत्या विमानात उचलून घेण्याची ही युक्ती होती. 1962 मध्ये ध्रुवप्रदेशातील एका सोडून दिलेल्या सोव्हिएत संशोधन-ठाण्यावर ती वापरली गेली. 2004 साली, वयाच्या 95 व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आणि दुचाकीचा धागा? तो अजून तुटलेला नाही. ऑरेगन राज्यात सॅम बाउसफिल्ड यांनी ‘स्विचब्लेड’ नावाचे तीनचाकी यान रचले. चार चाकांची गाडी मोटारीच्या साऱ्या नियमांत अडकते. तीन चाकी वाहन मात्र अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मोटारसायकलच्या वर्गात बसते आणि वजनाचा बराच भार टळतो. त्याचे पंख गाडीच्या पोटाखाली कात्रीसारखे मिटतात आणि शेपटीही आत घेतली जाते, त्यामुळे मागे काही ठेवून जावे लागत नाही. 9 नोव्हेंबर 2023 रोजी वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथे ते पहिल्यांदा उडाले. सुमारे सहा मिनिटे ते आकाशात होते.