पंडिता रमाबाईंचा वाद आणि वेदीकडे जाणारी वाट

नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या आपले वेगळेपण विसर्जित करून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या नावाने एक झाल्या. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींचे हे फलित होते. बिशपपदाचे स्वरूप काय असावे, बाप्तिस्मा अर्भकाला द्यावा की प्रौढाला, यांवर त्या काळात पुष्कळ खल झाला. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचा निर्णय मात्र एकीकरणानंतरच आला. दक्षिणेतील ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’त अशी पहिली दीक्षा १९७६ साली झाली. या तारखा पाहून सहसा निष्कर्ष काढला जातो तो असा की, पाश्चात्त्य स्त्रीवादाची लाट १९७५ च्या सुमारास आपल्याकडे आली आणि चर्च तिच्यामागून चालू लागले. मराठी वाचकाने तरी हा निष्कर्ष इतक्या सहज स्वीकारू नये असे आम्हांस वाटते. कारण या प्रश्नाची पहिली खणखणीत मांडणी एका मराठी बाईने १८८५ सालीच केली होती, आणि तीही इंग्लंडात बसून, इंग्लंडच्याच धर्माधिकाऱ्यांपुढे.

‘स्त्रीधर्मनीति’ लिहून आणि आर्य महिला समाज स्थापून पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असता, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली. प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यात वावगे दिसले नाही. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांना मात्र दिसले. बाईने पुरुषांना शिकवले तर स्वदेशात तिचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंचे उत्तर वाचण्यासारखे आहे. आपण वडील बंधूंसह देशभर हिंडलो, स्त्रीपुरुषांच्या मिश्र सभांतून पुराणे सांगितली, त्याला ना वडिलांनी कधी हरकत घेतली ना पतीने. मग ख्रिस्ती झाल्यावर हे बंधन कोठून आले, असा त्यांचा आशय. ज्या देशात स्त्रिया कोंडल्या आहेत असे बिशप समजत होते, त्या देशातून आलेली स्त्री त्यांना सांगत होती की, कोंडणे तुमच्याकडेही आहे.

हा वाद एका वर्गापुरता राहिला नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांना रमाबाईंचे शाकाहारी राहणे म्हणजे जुन्या जातीचा अवशेष वाटे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हा रमाबाईंचा प्रश्न त्यांना अहंकाराचा वाटे. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका तर सरळ पाखंडच. रमाबाईंची भूमिका थोडक्यात अशी होती की, त्यांनी ख्रिस्त स्वीकारला होता, इंग्लिश चर्चची हुकमत नव्हे. वर्गात हा भाग शिकवताना दरवेळी कोणीतरी विचारते, ‘मग त्यांनी धर्मांतर केलेच कशाला?’ या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते : धर्म बदलला की आज्ञाधारकपणाही नव्या धर्माकडे वर्ग होतो. रमाबाईंनी नेमके तेच नाकारले.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांची आठवण अपरिहार्य आहे. नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल पडले ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परतल्यावरही सोवळेओवळे सांभाळीत राहिल्या आणि मन वळले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीचा धर्म तो पत्नीचा, ही रीत दोन्ही समाजांना मान्य असताना त्यांनी आपला निर्णय आपल्या वेळेवर घेतला. ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो. हे त्यातील कणखर भाग आहेत.

रमाबाईंकडे परत येतो. अमेरिकेत एलिझाबेथ केडी स्टँटन यांचे ‘द वुमन्स बायबल’ दोन भागांत, १८९५ आणि १८९८ साली, निघाले. त्यात स्त्रियांना बाधक अशा वचनांवर भाष्ये आहेत. रमाबाईंनी भाष्य लिहिले नाही; त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि समग्र बायबलच मराठीत आणू लागल्या. तत्त्वज्ञानाच्या ओझ्याखाली वाकलेले संस्कृत शब्द त्यांनी टाळले, कारण त्यांचा वाचक खेड्यातली नुकती अक्षरओळख झालेली बाई होती. केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुलीच. १९०५ च्या जागृतीनंतर याच मुली गटागटाने आसपासच्या गावांत प्रवचने करीत हिंडल्या. कोणत्याही बिशपाच्या परवानगीवाचून. मनोरमा १९२१ साली गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. भाषांतर तोवर पुरे झाले होते, ते १९२४ साली प्रकाशित झाले. स्टँटनबाईंचा मार्ग अधिक गाजला. आम्हांस रमाबाईंचा अधिक अवघड वाटतो.

पुढची वाट मात्र संथ होती. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. पत्नीला त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ही विषमता घटनाविरोधी ठरवली. संसदेने २००१ साली कायदा सुधारला. रोमन कॅथलिक चर्चने १९९४ च्या पत्रात स्त्रियांच्या धर्मगुरुपदाचा दरवाजा बंद केला, तरी भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१० साली लिंगभावविषयक धोरण जाहीर केले. चर्च ऑफ साउथ इंडियात एग्गोनी पुष्पा ललिता २०१३ साली पहिल्या स्त्री बिशप झाल्या. नागपुरात जन्मलेल्या चर्चला तशी पहिली स्त्री मिळण्यास २०२४ उजाडले.

१८८५ चा तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाने १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीतून छापला. तो मुळात संकलित करून जपला होता सिस्टर जेराल्डाइन यांनी. ज्या शिष्येच्या हट्टीपणाने त्या इतक्या दुखावल्या होत्या, तिचे एकेक पत्र त्यांनी सांभाळून ठेवले होते.