दामोदरचे बांध आणि राज्यसंस्थेचे दायित्व

पुरापासून प्रजेचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य होय, ही कल्पना आज इतकी सर्वमान्य झाली आहे की, तिलाही एक इतिहास आहे याचे सहसा स्मरण राहत नाही. बांध फुटला म्हणजे लोक सरकारला जाब विचारतात आणि सरकारही, निदान शब्दाने तरी, आपले उत्तरदायित्व नाकारीत नाही. परंतु बांध कोणी बांधावा, त्याची डागडुजी कोणाच्या खर्चाने व्हावी, तो फुटल्यास नुकसान कोणी सोसावे, आणि एका गावाला वाचविणारा बांध दुसऱ्या गावाला बुडवीत असेल तर दोहोंमध्ये निवाडा कोणी करावा, या चार प्रश्नांची उत्तरे भारतात गेल्या दोन शतकांत वारंवार बदलत आली आहेत. बंगालमधील दामोदर नदीचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. जमीनदार, कंपनी सरकार, प्रांतिक सरकार आणि स्वतंत्र महामंडळ अशा चार निरनिराळ्या धन्यांच्या हातून या नदीचे नियंत्रण गेलेले आहे.

दामोदर छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते. तिचा वरचा प्रवास आजच्या झारखंड राज्यातील डोंगराळ व खडकाळ मुलखातून होतो. तेथे पडलेला पाऊस जमिनीत मुरण्यापूर्वीच वेगाने पात्रात उतरतो. पुढे राणीगंज-आसनसोलचा कोळशाचा प्रदेश ओलांडल्यावर नदी बर्दवानच्या सपाट भूमीत शिरते आणि दक्षिणेकडे वळून अखेर हुगळीस मिळते. डोंगरातील उतार संपताच प्रवाहाचा वेग मंदावतो, बरोबर आणलेली वाळू पात्रात साचते आणि पाणी काठाबाहेर पसरू लागते. अर्थात वरच्या व खालच्या खोऱ्यांचे हितसंबंध मुळातच भिन्न आहेत. पूर निर्माण होतो एका प्रदेशात आणि त्याचे दुष्परिणाम भोगावे लागतात दुसऱ्या प्रदेशाला. ही भौगोलिक वस्तुस्थिती पुढील सर्व राजकीय वादांच्या मुळाशी आहे.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी खालच्या खोऱ्यातील मातीच्या बांधांची निगा मुख्यतः जमीनदारांकडे असे. या कामाला व त्यासाठी होणाऱ्या खर्चाला ‘पुलबंदी’ असे नाव होते. जमीनदार आपल्या रयतेकडून हे काम करवून घेत आणि कित्येक ठिकाणी त्यासाठी सरकारी वसुलीतून काही रक्कम वजा मिळत असे. या व्यवस्थेत नदीचा एकत्रित विचार नव्हता. प्रत्येक जमीनदार आपल्या हद्दीपुरता बांध राखी. एकाचा बांध उंच झाला की समोरच्या काठावरील शेजाऱ्यावर पाण्याचा दाब वाढे. तथापि, बांध कोणाचा हा प्रश्न तेव्हा संदिग्ध नव्हता, आणि ज्याचे पीक बुडत असे त्याला बांधाचा धनी कोण हे ठाऊक असे.

इ. स. १७९३ च्या कायमधाऱ्याने या व्यवस्थेचे स्वरूप पालटले. सरकारी सारा कायमचा ठरून गेला. पुराने पीक गेले तरी जमीनदाराला ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी भरणे प्राप्त होते; न भरल्यास जमीनदारीचा लिलाव होई. उलट, बांध सुधारून जमीन अधिक पिकली तरी सरकारच्या उत्पन्नात एका रुपयाचीही भर पडत नसे. ज्या राज्यात सारा पिकाबरोबर कमीजास्त होतो, तेथे बांध राखण्यात राजाचा स्वार्थ असतो. कायमधाऱ्याने तो स्वार्थ नाहीसा केला. जमीनदारांचीही स्थिती अशी झाली की, चालू वर्षाचा सारा भरणे ही त्यांची पहिली विवंचना ठरली आणि बांधाची दुरुस्ती मागे पडत गेली. परिणामी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधांची देखभाल हळूहळू कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे येत गेली. कोणत्याही तत्त्वाच्या उद्घोषापेक्षा दुसरा कोणी ते काम नीट करीत नाही, या अनुभवातूनच हा बदल घडून आला.

कंपनीची सार्वजनिक बांधकामे त्या काळी लष्करी मंडळाच्या, म्हणजे ‘मिलिटरी बोर्डा’च्या देखरेखीखाली असत. छावण्या व बराकी यांच्या पंक्तीला रस्ते, कालवे आणि बांध बसविलेले होते. लॉर्ड डलहौसी याने ही व्यवस्था मोडून १८५४ च्या सुमारास स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन केले. त्याच वर्षी गंगेचा कालवा खुला झाला आणि त्याच वर्षी पुण्यास या खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा इंजिनियरिंगचा वर्ग निघाला. पुढे त्यातूनच पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज वाढीस लागले. सार्वजनिक काम हे लष्कराचे उपांग नसून राज्यकारभाराचे एक स्वतंत्र अंग आहे, ही जाणीव येथून दृढ झाली. १८५५ च्या ३२ व्या कायद्याने बंगालमधील बांधांविषयी सरकारी अधिकाऱ्यांचे अधिकारही निश्चित करण्यात आले.

परंतु अधिकार हाती येताच एक कठीण प्रश्न उभा राहिला. पुरास बांध हाच उपाय आहे काय, याविषयी सरकारच्या तज्ज्ञांनाच शंका वाटू लागली होती. १८४६ च्या बांध-समितीने तर बांध काढून टाकून पाण्याच्या निचऱ्याची सोय करावी, असा सल्ला दिला होता. दोन्ही काठांवर बांध घालून नदीला जखडले असता लोंढ्याची उंची वाढते व एक ना एक ठिकाणी बांध फुटतोच, हे दामोदरच्या बाबतीत पुनःपुन्हा दिसून आले होते. अखेर १८५० नंतरच्या दशकात उजव्या काठावरील सुमारे २० मैलांचे बांध काढून टाकण्यात आले आणि डाव्या काठावरील बांध मात्र अधिक बळकट करण्यात आले.

डाव्या काठाचीच निवड का झाली, हे समजण्यास नकाशाकडे पाहिले तरी पुरे. त्या बाजूला बर्दवान शहर होते, ग्रँड ट्रंक रस्ता होता आणि १८५५ च्या फेब्रुवारीत हावड्याहून राणीगंजपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग होता. उजव्या बाजूला शेते व खेडी होती. नदीला कोठेतरी पसरू देणे आवश्यक होते, हा तांत्रिक निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु तिने कोणाच्या अंगणात पसरावे, हा निर्णय तांत्रिक नव्हता. दळणवळण, व्यापार आणि महसूल यांच्या हिताचे वजन एका पारड्यात व उजव्या काठावरील शेतकऱ्यांचे हित दुसऱ्या पारड्यात घालून तो केलेला होता. आणि ज्यांच्यावर पुराचे पाणी सोडण्यात आले त्यांना या तोलणीत मत नव्हते. रक्षणाचे दायित्व स्वीकारताना कोणाचे रक्षण करावयाचे नाही, हेही राज्य ठरवीत असते. दामोदरच्या इतिहासातील हा पहिला मोठा धडा होय.

याच सुमारास नुकसानीच्या दायित्वाचा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. मद्रास इलाख्यातील कार्वेटिनगरच्या जमीनदारीत अतिवृष्टीने तलाव फुटले आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. रेल्वे कंपनीने जमीनदाराविरुद्ध दावा लावला. पाणी साठविणाऱ्याने त्यापासून होणाऱ्या हानीची भरपाई केलीच पाहिजे, हे इंग्लंडातील तत्त्व येथे लागू करावे, असे तिचे म्हणणे होते. प्रिव्ही कौन्सिलने १८७४ मध्ये ते अमान्य केले. तलाव राखणे हा जमीनदाराचा खाजगी उद्योग नसून रयतेच्या हितासाठी परंपरेने त्याच्यावर आलेले कर्तव्य आहे. म्हणून हयगय सिद्ध झाल्याखेरीज तो भरपाईस पात्र नाही, असा निर्णय झाला. या निर्णयाला दोन बाजू आहेत. एकीकडे जलाशयांची निगा हे सार्वजनिक कर्तव्य असल्याचे त्याने मान्य केले. दुसरीकडे, कर्तव्य सार्वजनिक असेल तर ते पार पाडणाऱ्याचे दायित्व सौम्य होते, असेही त्यातून निष्पन्न झाले. या दुसऱ्या निष्कर्षाची छाया पुढील काळात सरकारी कामांवरही पडलेली दिसते.

बंगालमध्ये १८७३ चा व त्यानंतर १८८२ चा बांधविषयक कायदा झाला. या कायद्यान्वये सरकारने राखलेले बांध सरकारची मालमत्ता ठरले. काहींचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, आणि इतरांचा खर्च ज्यांच्या जमिनींना लाभ होईल त्यांच्याकडून वसूल व्हावा, अशी विभागणी झाली. दायित्व आता कायद्याच्या भाषेत मांडले गेले. परंतु ते मातीच्या भिंतीचे दायित्व होते, नदीचे नव्हे. बांध शाबूत आहे की नाही, एवढेच पाहणे अधिकाऱ्याचे काम होते.

या मर्यादेचे परिणाम आरोग्याच्या क्षेत्रात प्रकट झाले. १८६० नंतर बर्दवान व हुगळी जिल्ह्यांत तापाच्या साथीने हजारो लोक दगावले. रस्ते व लोहमार्ग यांच्या भरावांमुळे पाण्याचा स्वाभाविक निचरा बंद पडला, हे त्याचे कारण होय, असे दिगंबर मित्र यांनी १८६४ च्या चौकशी आयोगात प्रतिपादन केले. पुढे डॉ. बेंटली यांनी १९२५ मध्ये बंगालमधील हिवताप व शेती यांचा संबंध दाखविणारा ग्रंथ लिहिला. गाळयुक्त पुराचे पाणी शेतात येणे बंद झाल्याने जमीन निकस होते व डासांची वाढ होते, असा त्यांचा सिद्धांत होता. सर विल्यम विलकॉक्स यांनी कलकत्ता विश्वविद्यालयातील १९३० च्या व्याख्यानांत याही पुढे जाऊन बंगालमध्ये प्राचीन काळी पुराच्या पाण्यावर आधारलेली सिंचनपद्धती होती, असे मत मांडले. विलकॉक्स यांच्या ऐतिहासिक पुराव्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तरीही या चर्चेने एक गोष्ट स्पष्ट केली: पुराचे पाणी निव्वळ शत्रू नव्हे, आणि त्याला अडविणाऱ्या भिंतीची जबाबदारी भिंतीपाशीच संपत नाही.

१९१३ व १९३५ साली दामोदरला प्रचंड पूर आले. १९४३ च्या जुलैतील पुराचा लोंढा त्या मानाने लहान होता. परंतु डावा बांध फुटला, ग्रँड ट्रंक रस्ता व लोहमार्ग पाण्याखाली गेले आणि ऐन महायुद्धात कलकत्त्याचा उत्तर हिंदुस्थानाशी असलेला प्रमुख दळणवळणाचा मार्ग खंडित झाला. बंगालमध्ये त्या वर्षी दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती. ज्या काठाच्या रक्षणासाठी नव्वद वर्षांपूर्वी दुसरा काठ उघडा टाकण्यात आला होता, तोच काठ आता वाहून गेला. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. डॉ. मेघनाद साहा हे तिचे सदस्य होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण नदीखोऱ्याचा एकत्र विकास करावा, असा विचार यातून पुढे आला.

या विचाराला शासकीय रूप देण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा वाटा मोठा होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि पाटबंधारे व वीज यांविषयीचे मध्यवर्ती धोरण त्याच खात्याकडे होते. १९४५ च्या जानेवारी व ऑगस्ट महिन्यांत कलकत्त्यास भरलेल्या मध्यवर्ती, बंगाल व बिहार सरकारांच्या परिषदांचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. केवळ पूरनिवारणावर न थांबता सिंचन, वीज व जलवाहतूक हे सर्व हेतू एकाच योजनेत साधले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यापुढील अडचण घटनात्मक होती. १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाणी हा प्रांतिक विषय होता. धरणे मात्र बिहारमध्ये बांधावयाची होती आणि पुरापासून वाचणार होते ते बंगाल. एका प्रांताने दुसऱ्याच्या रक्षणासाठी आपली गावे बुडू द्यावीत, ही मागणी तिसऱ्या, दोहोंवरील सत्तेच्या मध्यस्थीवाचून सफल होणे शक्य नव्हते.

टेनेसी खोऱ्याच्या कामाचा अनुभव असलेले इंजिनियर वूरडुइन यांनी १९४५ मध्ये आठ धरणांची योजना सादर केली. दर सेकंदास १० लाख घनफुटांचा लोंढा अडवून तो अडीच लाखांवर आणावा, अशी तिची कल्पना होती. १९४८ च्या कायद्याने ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) व पंचेत (१९५९) ही चार धरणे महामंडळाने पुरी केली. आठ धरणांची योजना मात्र पूर्णत्वास गेली नाही. मैथन व पंचेत येथे जलाशयासाठी जमीनही मूळ योजनेइतकी संपादन झाली नाही. त्यामुळे पूर सामावून घेण्याची शक्ती योजनेपेक्षा कमी राहिली.

कायद्यातील खर्चाची वाटणी या संदर्भात लक्षणीय आहे. विजेचा भांडवली खर्च केंद्र, बिहार व पश्चिम बंगाल या तिघांनी समान सोसावा. पूरनिवारणाचा खर्च १४ कोटी रुपयांपर्यंत केंद्र व पश्चिम बंगाल यांनी निम्मानिम्म करावा, व त्याहून अधिक होईल तो सर्व पश्चिम बंगालवर पडावा, असे त्यात ठरले. ज्याला लाभ त्याने खर्च द्यावा, हे १८८२ च्या कायद्यातील तत्त्वच येथे नव्या रूपाने आलेले दिसते. विजेपासून उत्पन्न होते. टळलेल्या पुरापासून कोणाच्याही जमाखर्चात रक्कम जमा होत नाही. योजनेतील पूरनिवारणाचा भाग अपुरा राहावा, यात म्हणूनच आश्चर्य नाही. धरणाखाली गेलेल्या गावांतील संताळ व इतर कुटुंबांनी दिलेली किंमत तर या वाटणीत कोठेच धरलेली नव्हती.

पुढील अनुभवाने हा दोष उघड केला. पूरनिवारणासाठी पावसाळ्यात जलाशय रिकामा हवा. सिंचन व वीज यांसाठी तो भरलेला हवा. पावसाळ्याच्या अखेरीस, जलाशय भरत आले असता, जोराचा पाऊस झाला म्हणजे दोन्ही हेतूंचा झगडा सुरू होतो. १९७८ च्या सप्टेंबर अखेरच्या अतिवृष्टीत धरणांनी लोंढ्याचा बराच भाग अडविला, तरीही खालच्या प्रदेशात हाहाकार झाला. २०२४ च्या सप्टेंबरात दक्षिण बंगालमध्ये पूर आला तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने धरणांतून सोडलेल्या पाण्यास दोष देऊन महामंडळावरील आपले प्रतिनिधी काढून घेतले. केंद्राने विसर्गाचे निर्णय राज्याच्या प्रतिनिधींसह समितीत होतात, असे उत्तर दिले. बांध कोणाचा, हा प्रश्न पाणी कोणी सोडले या नव्या रूपात पुन्हा उभा राहिला.

या दोनशे वर्षांच्या प्रवासातून एक निष्कर्ष निघतो. राज्याने प्रत्येक टप्प्यावर अधिक मोठे काम हाती घेतले. जमीनदाराच्या हद्दीतील बांधापासून संपूर्ण नदीखोऱ्यापर्यंत त्याच्या अधिकाराचा विस्तार झाला. परंतु अधिकाराच्या विस्ताराबरोबर उत्तरदायित्व एकवटले नाही. ते वाटले गेले. भारतीय राज्यघटनेत पाणी, निचरा व बांध हे राज्यांचे विषय आहेत आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन संसदेच्या कक्षेत येते. अशा स्थितीत पुराने घर गेलेल्या माणसाने कोणाच्या दाराशी जावे, याचे निःसंदिग्ध उत्तर देता येणे हीच पूरनिवारणाच्या कोणत्याही व्यवस्थेची खरी कसोटी होय. पुलबंदीच्या काळातील व्यवस्था अनेक दृष्टींनी अपुरी होती. पण त्या एका कसोटीला ती उतरत असे.