उगवतीपासून उत्तरेपर्यंत

पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं, की उजव्या हाताला येते ती दक्षिण. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा, 'पूर्व' म्हणजे पुढचा आणि 'पश्चिम' म्हणजे मागचा. दिशांना नावं देणारा माणूस उगवत्या सूर्यासमोर उभा होता, याची नोंद त्या नावांतच राहून गेली आहे.

युरोपात याहून वेगळं घडलं नाही. लॅटिनमध्ये 'ओरिएन्स' म्हणजे उगवणारा, आणि म्हणून पूर्व. मध्ययुगीन ख्रिस्ती नकाशांत बहुधा पूर्वच वरच्या बाजूला असे. 1300 च्या आसपास कातड्यावर काढलेला असा एक जगाचा नकाशा इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथिड्रलमध्ये आजही पाहायला मिळतो. पूर्व सापडली की बाकीचं जग आपापल्या जागी बसतं, म्हणून 'पूर्वेला लावणं' या अर्थाच्या शब्दाला हळूहळू 'आपण कुठे आहोत ते ठरवणं' असा अर्थ आला. स्वीडिश भाषेत त्याचं रूप झालं 'ओरिएंटेरिंग'. 1886 मध्ये स्टॉकहोमच्या कार्लबर्ग लष्करी अकादमीत हा शब्द एका ठरावीक कामासाठी वापरात आला : नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी मुलूख पार करणं. इंग्रजीने पुढे त्याचं 'ओरिएंटियरिंग' केलं. नाव पूर्वेचं आणि सगळा कारभार उत्तरेवर, अशी ही गंमत आहे.

लष्करी अधिकाऱ्यांचं हे शिक्षण नागरिकांपर्यंत पोचायला अकरा वर्षं लागली. 31 ऑक्टोबर 1897 रोजी नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळच्या जंगलात, त्याल्वे नावाच्या क्रीडा मंडळाने पहिली जाहीर शर्यत भरवली. स्पर्धक होते आठ. पेडर फॉसुम जिंकला. पुढची वीसेक वर्षं अशा शर्यती अधूनमधून होत राहिल्या, पण नकाशा वाचता येणाऱ्या मूठभरांचाच तो उद्योग होता.

तो सगळ्यांचा केला एका मेजरने. अर्न्स्ट किलांडर हा स्वीडिश सैन्यातला अधिकारी, बालवीर चळवळीतला कार्यकर्ता आणि स्टॉकहोमच्या ॲथलेटिक्स संघटनेचा पदाधिकारी. धावण्याच्या शर्यतींना मुलं येईनाशी झाली, ही त्याची काळजी होती. ट्रॅकवर गोल गोल फिरण्यापेक्षा त्यांना जंगलात सोडावं, पायांबरोबर डोकंही चालवायला लावावं, असं त्याने ठरवलं. 25 मार्च 1919 रोजी स्टॉकहोमच्या दक्षिणेला नाका परिसरात त्याने भरवलेल्या स्पर्धेला दोनशेहून जास्त जण आले. पुढे त्याने नियम बांधले, वयोगट पाडले आणि मार्ग कसा आखावा याचे संकेत ठरवले. आधुनिक ओरिएंटियरिंगचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातूनही नुकसान न करता मोकळेपणी जाता यावं, ही नॉर्डिक देशांतली जुनी रीत त्याच्या मदतीला होतीच.

किलांडरच्या शर्यतीत धावणाऱ्या पोरांपुढे मात्र एक अडचण होती. नकाशावर दोन ठिकाणांमधला कोन मोजायला कोनमापक वेगळा, दिशा पाहायला होकायंत्र वेगळं, आणि हे सगळं दमलेल्या श्वासानिशी सांभाळायचं. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोमच्या गुन्नार टिलांडरने होकायंत्राची डबी पारदर्शक पट्टीवर फिरती बसवली आणि कोनमापक त्यातच सामावून टाकला. ब्योर्न, आल्वार आणि आर्विड या शेल्स्ट्रोम बंधूंनी हे यंत्र बाजारात आणलं. त्यांची कंपनी सिल्वा, स्थापना 1933. लॅटिनमध्ये 'सिल्वा' म्हणजे अरण्य.

हे यंत्र वापरायची रीत आजही तीच आहे. आपण आहोत तिथून जायचंय तिथपर्यंत पट्टीची कड नकाशावर टेकवा. डबी अशी फिरवा, की तिच्या तळावरच्या रेषा नकाशावरच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर होतील. मग यंत्र पोटाजवळ सपाट धरून स्वतःच हळूहळू गोल फिरा. लाल सुई डबीतल्या बाणात बसली, की पट्टीचं टोक दाखवेल ती तुमची वाट. एकही आकडा वाचावा लागत नाही. धावताना थरथरणाऱ्या सुईचा बंदोबस्त डबीत द्रव भरून झाला. तुओमास वोहलोनेन या फिनिश सर्वेक्षकाने त्यासाठी 1935 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि वर्षभरात सुंतो ही कंपनी उभी राहिली. 'सुंता' म्हणजे फिनिशमध्ये दिशा.

यंत्र सुधारलं, तेव्हा नकाशाचं उणेपण दिसू लागलं. सरकारी नकाशे सैन्यासाठी किंवा प्रशासनासाठी काढलेले. त्यांत दगड, चर, दलदल कुठली असायला? म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेत खास या खेळासाठी रंगीत नकाशे निघू लागले. ट्रेकवाल्यांना माहीत असलेल्या 1:50,000 च्या टोपोशीटवर एक चौरस किलोमीटर जमीन दोन सेंटिमीटरच्या चौकोनात मावते. ओरिएंटियरिंगच्या 1:10,000 च्या नकाशावर तीच जमीन दहा सेंटिमीटरच्या चौकोनात पसरते आणि माणसाएवढा धोंडासुद्धा काळा ठिपका होऊन दिसतो. रंगांची योजनाही धावणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे. पांढरं म्हणजे सहज धावता येईल असं जंगल. हिरवा जितका गडद, तितकी झाडी दाट. पिवळं म्हणजे मोकळं रान. त्यामुळे शाळेत 'हिरवं म्हणजे वन' शिकलेला माणूस हा नकाशा हातात घेतल्यावर पहिल्यांदा हमखास फसतो.

नवशिक्याला शिकवायची पद्धतही अशीच घासून-पुसून तयार झाली. पहिला धडा होकायंत्राचा नसतोच. आधी नकाशा जमिनीला लावायचा : समोर रस्ता उजवीकडे वळत असेल, तर नकाशावरचा रस्ताही उजवीकडेच वळला पाहिजे, मग अक्षरं उलटी दिसेनात का. दुसरा धडा अंगठ्याचा. आपण आहोत त्या जागेवर अंगठा ठेवायचा आणि पुढे जाऊ तसा सरकवायचा. कानडोळा झाला, की अंगठा मागेच राहतो आणि माणूस हरवतो. तिसरा धडा कठड्याचा. जिना उतरताना हात टेकवतो तशी पायवाट, ओढा किंवा कुंपण धरून चालायचं.

चौथा धडा मुद्दाम चुकण्याचा आहे. समजा, ओढ्यावरच्या पुलापाशी जायचंय. नाकासमोर पुलाचा नेम धरून निघालात आणि ओढ्याशी पोचलात, पण पूल दिसत नाही. आता वर जायचं की खाली? म्हणून जाणता खेळाडू आधीपासूनच पुलाच्या डावीकडचा नेम धरतो. ओढा लागला, की डोळे मिटून उजवीकडे वळायचं.

इंग्लंडमध्ये मार्गांना रंगांची नावं आहेत. पांढरा सगळ्यांत सोपा. त्यावरच्या खुणा पायवाटांवरच असतात आणि जिथे वळायचं तिथेच भेटतात. पिवळ्यावर आधाराला वाटा, भिंती, ओढे. नारिंगीवर पहिल्यांदा वाट सोडायची. ही चढण गाळून थेट वरच्या रंगावर उडी मारणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे नकाशा वाचता येईल त्याहून जास्त वेगाने धावणं. वाट चुकल्यावरचा उपायही ठरलेला : पुढे रेटायचं नाही, शेवटच्या खात्रीच्या जागी परत यायचं.

इंग्लंडात हा खेळ रुजवणाऱ्यांत दोन नावाजलेले धावपटू होते : 1956 च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकणारा ख्रिस ब्रॅशर आणि 1952 मध्ये त्याच प्रकारात कांस्य मिळवणारा जॉन डिस्ली. याच जोडीने 1981 मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू केली. त्याआधी 1961 मध्ये कोपनहेगनला दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली होती आणि 1966 मध्ये फिनलंडच्या फिस्कार्स गावी पहिली जागतिक स्पर्धा झाली होती. तिथे वैयक्तिक विजेतेपदं मिळाली नॉर्वेच्या ओगे हाडलरला आणि स्वीडनच्या उल्ला लिंडक्विस्टला. ऑलिंपिक समितीने 1977 मध्ये संघटनेला मान्यता दिली, खेळाला अजून ऑलिंपिकचं दार उघडलेलं नाही.

जंगलातली खूण म्हणजे 30 सेंटिमीटरच्या तीन चौकोनांचं पांढरं-नारिंगी निशाण. ते लपवायचं नाही, असा मार्ग आखणाऱ्यांचा दंडक आहे. नकाशातला दगड सापडला, की निशाण दिसलंच पाहिजे. परीक्षा नकाशा वाचण्याची असते, झुडपं धुंडाळण्याची नाही.

महाराष्ट्रातल्या ट्रेकरला याची चव घ्यायला जंगल शोधत जायची गरज नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे खुले नकाशे 2017 पासून संकेतस्थळावर मोफत मिळतात. घराजवळच्या ओळखीच्या टेकडीचा नकाशा छापून घ्या, टेकडीवर उभे राहून तो जमिनीला लावा आणि अंगठा ठेवून चालू लागा. जगात अनेक ठिकाणी होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत बरंच अंतर असतं, ते हिशेबात धरावं लागतं. आपल्याकडे सह्याद्रीत ते एका अंशाहूनही कमी आहे.