हिमगौरीची बदलती कथा

मराठी वाचकांना ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या नावाने परिचित असलेली जर्मन परीकथा याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये आपल्या लोककथासंग्रहात छापली, तेव्हा तिच्यातील मत्सरी राणी ही हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत मात्र ती सावत्र आई झाली. ग्रिम यांच्या कथेत राणी वेषांतर करून तीनदा येते, बुटक्यांना नावे नाहीत, आणि शवपेटीला धक्का बसून विषारी सफरचंदाचा तुकडा घशातून निसटल्यावर हिमगौरी जागी होते.

वॉल्ट डिस्ने यांच्या १९३७ च्या सचेतनपटाने, म्हणजे रेखाचित्रांना हालचालीचा भास देणाऱ्या चित्रपटाने, राणीची एकच फेरी ठेवली, बुटक्यांना स्वभावदर्शक नावे दिली आणि राजपुत्राच्या चुंबनाने हिमगौरीला जागे केले.

म्हणूनच लहान मुलांना ‘खरी कथा कोणती’ असे विचारण्यापेक्षा ‘काय बदलले आणि का’ असे विचारणे अधिक फलदायी ठरते, कारण छापील कथाही काळानुसार बदलत आली आहे, हे उमगलेले मूल प्रत्येक कथनामागचा माणूस आणि त्याचा काळ ओळखू लागते.