आवतण आणि उंबरठा

अलीकडे पेढ्या व कचेऱ्या आपल्या ग्राहकांस संगणकावरून निमंत्रणें धाडतात. आंत यावें, आपलें खातें पाहावें, असें मोठ्या आर्जवानें लिहिलेलें असतें. परंतु दाराशीं जावें तों तेथें नांव विचारतात, परवलीचा शब्द मागतात, आणि शेवटीं आपणांस ओळखत नाहीं असें कळवितात. असा प्रसंग नुकताच आमच्यावर आला, आणि आम्हांस साडेतीनशें वर्षांमागील एक स्वारी आठवली. बोलावणारा एक, दार उघडणारा दुसरा, आणि दोघांचा मेळ नाहीं, असें झालें म्हणजे काय होतें तें त्या स्वारींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

पुरंदरचा तह जून १६६५ मध्यें झाला. त्यानंतर मिर्झाराजा जयसिंगानें शिवाजी महाराजांस बादशहाच्या भेटीस जाण्याविषयीं गळ घातली. हमी त्याची स्वतःची. आग्र्यांत सांभाळ करावयाचा त्याचा पुत्र रामसिंग यानें. वाटखर्चास दक्षिणच्या खजिन्यांतून एक लाख रुपये. ५ मार्च १६६६ रोजीं महाराज राजगडाहून निघाले. वाटेंत बादशहाचेंही पत्र आलें. निःशंक मनानें सत्वर यावें, भेटीनंतर परत जाण्याची परवानगी मिळेल, असा त्याचा आशय. निमंत्रणांत याहून अधिक काय लिहावयाचें?

वाटेवरचा मोठा उंबरठा औरंगाबादेचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराचा. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें वसविलेलें व १६५३ मध्यें औरंगजेबाचें नांव मिळालेलें हें शहर मोगली दक्षिणेचें मुख्य ठाणें होतें. शहराचा तट पुढें १६८२ च्या सुमाराचा. मात्र अंबराचा भडकल दरवाजा तेव्हांही होता, आजही आहे. महाराजांची स्वारी पाहावयास लोक लोटले. सुभ्याचा अधिकारी सफशिकनखान तेवढा कचेरींत बसून राहिला. एका जमीनदारास सामोरें काय जावयाचें, हा त्याचा हिशेब! त्यानें पुतण्यास पुढें धाडलें आणि महाराजांनीं आधीं दिवाणखान्यांत येऊन आपणांस भेटावें असें कळविलें. हा सफशिकनखान कोण, असें विचारून महाराज सरळ शहरांतील जयसिंगाच्या हवेलींत उतरावयास गेले. सायंकाळीं खान साऱ्या अधिकाऱ्यांसह हवेलीवर आला. दुसऱ्या दिवशीं महाराजांनींही मोठ्या सौजन्यानें परतभेट दिली. मेजवान्या झाल्या, आणि स्वारी पुढें गेली.

हा केवळ मानापमानाचा खेळ होता असें आम्हांस वाटत नाहीं. आलेल्या पाहुण्यास राजा म्हणावयाचें कीं जमीनदार, हें निमंत्रण देणाऱ्यांनीं दारावरच्या माणसासाठीं ठरवूनच ठेवलें नव्हतें. खानानें आपल्या समजुतीनें ठरविलें, तें चुकलें. परंतु चूक उमगतांच तो उठून आला, म्हणून निभावलें.

आग्र्यास तेंही झालें नाहीं. ११ मे रोजीं महाराज तेथें पोंचले तेव्हां रामसिंग राजवाड्याच्या चौकीवर. सामोरा आला त्याचा मुनशी गिरधरलाल. दुसरा दिवस औरंगजेबाच्या वाढदिवसाचा. रामसिंग व मुखलिसखान निघाले एका वाटेनें, आणि गिरधरलाल महाराजांस घेऊन आला दुसरीनें! गांठ पडून दरबारास पोंचेपर्यंत दिवाण-इ-आम उठला होता. भेट दिवाण-इ-खासांत झाली. नजर झाली, आणि महाराजांस पंचहजारी सरदारांच्या रांगेंत नेऊन उभें केलें. तीच मनसब नऊ वर्षांच्या संभाजीराजांस आधींच मिळालेली होती. ज्याच्या शब्दावर ते आले तो जयसिंग शेंकडों कोस दूर, विजापूरच्या मोहिमेंत. सायंकाळीं बिऱ्हाडीं येऊन चूक निस्तरील असा येथें कोणी नव्हता. पुढें आला तो कोतवाल फुलादखानाचा पहारा.

मौज अशी कीं, सोबतच्या लोकांस परत धाडण्याकरितां महाराजांनीं दस्तकें मागितलीं, तीं दरबारानें खुशीनें दिलीं. आंत घेतांना ज्यांस पाहुण्याची रांग नीट ठरवितां आली नाहीं, त्यांचे बाहेर जाण्याचे परवाने मात्र चोख! ऑगस्टांत महाराज स्वतः निसटले ते कोणाच्याही दस्तकावांचून.

१६६७ सालीं पुन्हां सलोखा झाला. औरंगाबादेस या वेळीं महाराज गेले नाहींत. त्यांनीं संभाजीराजांस धाडलें. नोव्हेंबरांत शहाजादा मुअज्जमानें त्यांची तेथें भेट घेतली, आणि वऱ्हाडांत त्यांस जहागीर मिळाली.