किण्वन उद्योगातील सूक्ष्मजंतुभक्षक व्हायरस

सूक्ष्मजंतूंच्या (बॅक्टिरियांच्या) कोशिकेत शिरून त्यांचा नाश करणाऱ्या व्हायरसांना सूक्ष्मजंतुभक्षक व्हायरस किंवा ‘फाज’ असे म्हणतात. दही, चीज, अ‍ॅसिटोन, काही प्रतिजैव पदार्थ व अ‍ॅमिनो अम्ले यांचे उत्पादन सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने होते. त्यांच्या टाकीत फाजांचा शिरकाव झाल्यास किण्वन (आंबण्याची क्रिया) मंदावते वा थांबते आणि टाकीतील सर्व माल वाया जाऊ शकतो. फाजांचे समूळ उच्चाटन करता येत नाही, त्यांच्या सान्निध्यातच उत्पादन चालू ठेवावे लागते, हा बोध उद्योगांना अनेक दशकांच्या अनुभवातून झाला.

फाज सूक्ष्मजंतूच्या पृष्ठभागाला चिकटतो व आपले न्यूक्लिइक अम्ल आत सोडतो. कोशिकेत त्याच्या प्रतिकृती तयार होतात व दुधातील सूक्ष्मजंतूंच्या बाबतीत सु. अर्ध्या ते पाऊण तासात कोशिका फुटून त्या बाहेर पडतात. एका सूक्ष्मजंतूचे दोन होतात तेवढ्या अवधीत एका फाजाचे शंभरावरही होऊ शकतात. त्यामुळे प्रारंभी अत्यल्प असलेले फाज काही तासांतच संवर्धावर मात करतात.

इतिहास : १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीच्या जंतूंचा नाश करणारे काहीतरी असल्याचे नमूद केले. फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) व फेलिक्स देरेल (१९१७) यांनी फाजांचा शोध स्वतंत्रपणे लावला. प्रारंभी त्यांच्याकडे औषध म्हणून पाहिले गेले. १९२७ मध्ये देरेल यांनी पंजाबात पटकीच्या रुग्णांवर त्यांचे प्रयोग केले. उद्योगांना मात्र हाच घटक विघातक ठरला.

कॉर्डाइट या स्फोटक द्रव्यासाठी लागणारे अ‍ॅसिटोन पहिल्या महायुद्धात किण्वनाने मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्या काळात नाशिक येथेही अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारण्यात आला होता. युद्धानंतर अमेरिकेतील टेरे हॉट येथील कारखान्यात १९२३ मध्ये किण्वन अकस्मात मंदावले व उत्पादन सु. एक वर्ष निम्म्यावर आले. याचे कारण फाज हेच होते. अखेर फाजरोधी वाण वापरात आणून हे संकट टाळण्यात आले.

दुग्धव्यवसायात विरजण ‘मरते’ याचा अनुभव जुना होता, पण दोष दुधाला वा कामगारांच्या निष्काळजीपणाला दिला जाई. १९३५ मध्ये न्यूझीलंडमध्ये एच्. आर्. व्हाइटहेड व जी. ए. कॉक्स यांनी यामागे फाज असल्याचे दाखविले. चीज करताना निघणाऱ्या निवळीच्या सूक्ष्म तुषारांबरोबर फाज हवेत पसरतात, हेही पुढे स्पष्ट झाले. १९४७ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाच्या किण्वनातही फाज आढळला.

महाराष्ट्रातील संदर्भ : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली व १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. या दोन औषधांतील भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. पेनिसिलीन बुरशीपासून मिळत असल्याने सूक्ष्मजंतुभक्षक व्हायरस त्या बुरशीवर वाढत नाहीत. स्ट्रेप्टोमायसीन स्ट्रेप्टोमायसीज या सूक्ष्मजंतूपासून मिळते, म्हणून तेथे त्यांचा धोका संभवतो. उद्योगोपयोगी शुद्ध वाणांचे जतन करणारा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहे. उत्पादनातील संवर्ध फाजांमुळे बाधित झाल्यास मूळ शुद्ध वाणाकडे परत जाता यावे, यासाठी असा संग्रह आवश्यक ठरतो.

नियंत्रण : सूक्ष्मजंतूंना अडविणाऱ्या गाळण्यांतून फाज पार होतात आणि दुधाच्या नेहमीच्या पाश्चरीकरणातही (७२° से. तापमानास १५ सेकंद) कित्येक फाज टिकून राहतात. यामुळे विरजणासाठीचे दूध अधिक तापवितात, विरजणाचा कक्ष चीजच्या कक्षापासून अलग ठेवतात, आत येणारी हवा अतिसूक्ष्म गाळण्यांतून घेतात व भांडी क्लोरीनयुक्त द्रावणांनी धुतात. फाजांना चिकटण्यासाठी बहुधा कॅल्शियम लागते, म्हणून ते फॉस्फेटांनी बांधून ठेवणारी पोषक माध्यमेही वापरतात. वेगवेगळ्या फाजांना बळी पडणारे वाण आलटूनपालटून वापरल्यास एकाच जातीच्या फाजांची संख्या वाढत नाही. तथापि स्वच्छतेलाही मर्यादा आहे. काही सूक्ष्मजंतू फाज सुप्त रूपात स्वतःमध्ये बाळगतात, हे आंद्रे ल्वॉफ यांनी १९५० मध्ये सिद्ध केले. म्हणजे काही वेळा शत्रू विरजणातूनच येतो.

नेदर्लंड्समधील अभ्यासांत असे दिसून आले, की कारखान्यात फाजांच्या सहवासात वाढलेली मिश्र विरजणे प्रयोगशाळेत जपलेल्या विरजणांपेक्षा अधिक टिकाऊ असतात, कारण हल्ल्यानंतर उरलेले रोधी वाण काम पुढे चालू ठेवतात. आपल्याकडील घरगुती विरजण हेही असेच मिश्र असते.

सूक्ष्मजंतूंची स्वसंरक्षणाची साधने हा संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला. फाजाचे डीएनए तोडणाऱ्या निर्बंधन एंझाइमांवरील कार्याबद्दल व्हेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स व हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००७ मध्ये डॅनिस्को या विरजण बनविणाऱ्या कंपनीतील रोडॉल्फ बारांगू, फिलीप ऑर्व्हाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफायलस हा सूक्ष्मजंतू फाजाच्या डीएनएचा तुकडा आपल्या गुणसूत्रातील ‘क्रिस्पर’ या भागात साठवून पुढील हल्ल्यास प्रतिकार करतो, हे प्रयोगाने दाखविले. अशा नैसर्गिक प्रतिकारक्षम वाणांची निवड विरजण उद्योगात होऊ लागली. याच यंत्रणेवर आधारलेले जनुक-संपादनाचे तंत्र नंतर वैद्यक व कृषी या क्षेत्रांत पोहोचले. फाजांमध्येही सतत उत्परिवर्तने होत असल्याने कोणतेही वाण कायमचे सुरक्षित ठरत नाही आणि कारखान्यांना नित्य तपासणी चालू ठेवावी लागते.